एका रोगनामाचा इतिहास : जपानमधील छिन्नमनस्कता आणि वैद्यकवर्गाचे मौन

इ. स. २००२ च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधील योकोहामा शहरी जागतिक मानसोपचार परिषदेचे अधिवेशन भरले होते. त्याच प्रसंगी जपानी मानसोपचार व चेताशास्त्र संघाने एका ठरावास अंतिम संमती दिली. ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’ हे स्किझोफ्रेनियाचे रूढ जपानी नाव रद्द करून त्याच्या जागी ‘तोगो शिच्चो शो’ हे नाव स्वीकारावे, असा तो ठराव होता. रोग तोच राहिला, लक्षणे तीच राहिली, औषधेही तीच राहिली. बदलले ते केवळ नाव. परिभाषेतील एक किरकोळ दुरुस्ती म्हणून या घटनेची बोळवण होण्यासारखी होती. परंतु पुढील दोन वर्षांत एक लक्षणीय फरक दिसून आला. रुग्णाला त्याच्या रोगाचे नाव सांगितले जाण्याचे प्रमाण २००२ मध्ये शेकडा ३६.७ होते, ते २००४ मध्ये शेकडा ६९.७ वर गेले.

हे आकडे नामांतराचे यश म्हणून नेहमी उद्धृत केले जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते उलट बाजूनेही वाचले पाहिजेत. नामांतरापूर्वी जवळजवळ दोनतृतीयांश रुग्ण, आपल्याला काय झाले आहे हे न कळताच उपचार घेत होते. त्यांतील कित्येकांची वर्षेच्या वर्षे रुग्णालयात गेलेली होती. ज्या वर्गाने त्यांना रोग सांगावयाचा, तोच वर्ग मुका राहिला होता. मनोविकाराविषयी समाजाला वाटणाऱ्या घृणेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या घृणेचे मूळ सामान्यतः अज्ञानात शोधले जाते. वैद्य अज्ञानी नव्हते. मग त्यांना हे नाव उच्चारणे इतके जड का जावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना या रोगनामाचा, आणि त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा, शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

१. नावात दडलेला निकाल

या रोगाची आधुनिक कल्पना जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने बांधली. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत त्याने ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ ही संज्ञा वापरली आणि १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत तिला उन्माद-अवसादाच्या विकारापासून वेगळे करून पक्के स्थान दिले. या विभागणीचा पाया रोगाच्या आजच्या लक्षणांपेक्षा त्याच्या शेवटावर होता. ज्याची गाडी पुन्हा रुळावर येते तो एक विकार, आणि ज्याची परिणती बुद्धीच्या ऱ्हासात होते तो दुसरा. संज्ञेचा शब्दशः अर्थही ‘अकाली आलेला बुद्धिभ्रंश’ असाच होतो. म्हणजे रोगाला नाव देतानाच त्याचा निकालही देऊन टाकण्यात आला होता. आपले काही रुग्ण सुधारतात हे क्रेपेलिनला ठाऊक होते. परंतु नावात त्या अपवादांना जागा नव्हती.

हा दोष झुरिक येथील ऑयगेन ब्लॉयलर याच्या ध्यानी आला. १९०८ मध्ये बर्लिन येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचविला आणि १९११ च्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले. विकार नेहमी अकाली येतो असे नाही आणि नेहमी बुद्धिभ्रंशात संपतो असेही नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. विचारांना परस्परांशी जोडणारे धागे सैल होतात, एवढेच त्याला ‘भंग’ या कल्पनेने सुचवावयाचे होते. शिवाय त्याने हा शब्द अनेकवचनी वापरला. एक रोग नव्हे, तर विकारांचा एक समूह त्याच्या डोळ्यांसमोर होता. नवा शब्द जुन्या शब्दाहून सौम्य असावा, अशीच ही योजना होती.

जपानमध्ये हे शास्त्र आणण्याचे श्रेय कुरे शुझो यांच्याकडे जाते. १८९७ ते १९०१ या काळात त्यांनी युरोपात अध्ययन केले आणि हायडेलबर्ग येथे क्रेपेलिनचे कार्य प्रत्यक्ष पाहिले. त्यामुळे जपानी मानसोपचाराची जडणघडण प्रथमपासूनच क्रेपेलिनच्या पठडीत झाली. पुढे ब्लॉयलरचा शब्द मान्य झाला आणि १९३७ मध्ये त्यासाठी ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’ ही संज्ञा ठरली. ‘सेइशिन’ म्हणजे मन, ‘बुन्रेत्सु’ म्हणजे फुटणे किंवा दुभंगणे आणि ‘ब्यो’ म्हणजे रोग. भाषांतर म्हणून यात चूक काढता येत नाही. परंतु भाषांतरात दोन गोष्टी घडल्या. ‘सेइशिन’ या शब्दाला मनाबरोबरच आत्मिक बळ असाही अर्थ आहे. त्यामुळे विचारांचे धागे सैल होण्याऐवजी माणसाचे अवघे अंतरंगच फुटल्याचा भाव त्यात आला. आणि ‘ब्यो’ या प्रत्ययाने ब्लॉयलरच्या विकारसमूहाचा एकच एक निश्चित रोग झाला. ब्लॉयलरने सौम्य करावयास घेतलेली संज्ञा अशा रीतीने क्रेपेलिनच्या निराशेसह जपानी भाषेत स्थिरावली.

२. घरातील कोठडीपासून रुग्णालयातील खाटेपर्यंत

नावामागोमाग कायद्याकडे वळले पाहिजे. १९०० साली जपानमध्ये मनोरुग्णांच्या कोठडीविषयीचा कायदा झाला. त्यान्वये कुटुंबाने पोलिसांच्या परवानगीने आपल्या रुग्णास घरातच बंदिस्त करून ठेवणे वैध ठरले. कुरे आणि त्यांचे सहकारी काशिदा गोरो यांनी १९१० ते १९१६ या काळात निरनिराळ्या प्रांतांतील अशा ३६४ कोठड्यांची पाहणी घडवून आणली आणि १९१८ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अंधार, घाण, थंडी, आणि उभे राहण्यासही न पुरणारी जागा यांची ती छायाचित्रांसहित नोंद होती. या रुग्णांना रोगाचे एक दुर्दैव आणि अशा देशात जन्मल्याचे दुसरे, असा कुरे यांचा निष्कर्ष जपानी मानसोपचाराच्या इतिहासात अद्याप विसरला गेलेला नाही. त्यांनी स्वतः आपल्या अखत्यारीतील तोकियो येथील सुगामो रुग्णालयात साखळदंड आणि बेड्या बंद केल्या होत्या. वैद्यकवर्गातील पूर्वग्रहाचा इतिहास लिहिताना हे विसरता कामा नये; कारण त्या वर्गाविरुद्धचा पहिला कठोर साक्षीदारही त्याच वर्गातून आला होता.

घरातील कोठडी कायद्याने बंद होण्यास १९५० साल उजाडावे लागले. महायुद्धाच्या अखेरीस देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम चार हजार खाटा उरल्या होत्या. १९५४ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे तेरा लक्ष लोक मनोविकारग्रस्त असून त्यांपैकी साडेतीन लक्षांना रुग्णालयाची आवश्यकता आहे असे अनुमान निघाले. सरकारने ही गरज स्वतः भागविण्याऐवजी खाजगी रुग्णालयांना अनुदान व स्वस्त कर्ज देण्याचा मार्ग पत्करला. त्याचा परिणाम विलक्षण वेगाने दिसून आला. १९६० च्या सुमारास खाटांची संख्या पंचाण्णव हजारांच्या घरात गेली, १९७० मध्ये ती अडीच लक्षांवर पोहोचली आणि १९९० नंतरच्या वर्षांत सुमारे तीन लक्ष साठ हजार हा तिचा उच्चांक ठरला. यांतील बहुसंख्य खाटा खाजगी मालकीच्या होत्या आणि त्यांवरील सर्वांत मोठा गट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा होता.

या वाढीला एका परिपत्रकाची जोड मिळाली. १९५८ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मनोरुग्णालयांना कर्मचारीसंख्येच्या नियमातून सवलत दिली. सामान्य रुग्णालयात सोळा रुग्णांमागे एक वैद्य असणे आवश्यक होते. मनोरुग्णालयात अठ्ठेचाळीस रुग्णांमागे एक चालेल असे ठरले. परिचारिकांचे प्रमाणही सामान्य रुग्णालयाच्या दोनतृतीयांशावर आणले गेले. हे परिपत्रक कोणा अडाणी जमावाने काढलेले नव्हते. एका वैद्याचे जितके लक्ष इतर रुग्णाला मिळावयाचे त्याच्या एकतृतीयांश या रुग्णाला पुरे, असा हिशेब आरोग्य खात्याच्या टेबलावर झाला होता. पूर्वग्रह म्हणजे केवळ मनातील भावना नव्हे. तो कर्मचाऱ्यांच्या कोष्टकातही राहू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

खुद्द वैद्यकवर्गातही ही गोष्ट लपून राहिलेली नव्हती. जपान वैद्यक संघाचे दीर्घकाळचे अध्यक्ष ताकेमी तारो यांनी १९६० च्या सुमारास मनोरुग्णालयांच्या धंद्याची तुलना पशुपालनाशी केली, हे प्रसिद्धच आहे. उद्गार कडवट होता. पण व्यवस्था बदलण्यास तो पुरेसा ठरला नाही. उलट १९६४ च्या मार्चमध्ये एका एकोणीस वर्षांच्या मनोविकारग्रस्त तरुणाने अमेरिकेचे राजदूत एडविन रायशावर यांच्यावर चाकूहल्ला केला आणि वातावरण अधिकच कठोर झाले. १९६५ च्या दुरुस्तीने बाह्यरुग्णसेवेस काही साहाय्य दिले खरे, परंतु त्याचबरोबर पोलिसांना रुग्णांविषयी कळविण्याची व्याप्ती वाढविली आणि सक्तीच्या दाखल्याची वाटही रुंद केली. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे सल्लागार, इंग्लंडचे डॉ. डेव्हिड क्लार्क यांनी रुग्णालयांत रुग्ण वर्षानुवर्षे साचत असल्याचा इशारा दिला. त्याकडे दुर्लक्ष झाले. १९८४ मध्ये उत्सुनोमिया येथील एका खाजगी मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या मारहाणीनंतर दोन रुग्ण मृत्यू पावल्याचे उघडकीस आले, हे प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर गेले आणि तेव्हा कोठे १९८७ चा नवा कायदा झाला. रुग्णाने स्वेच्छेने दाखल होण्याची तरतूद जपानच्या कायद्यात प्रथम आली ती या वेळी.

३. सुईण नव्हे, न्यायाधीश

रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही हे रोगनाम आपले काम करीत होते. १९४८ च्या सुप्रजननसंरक्षण कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते आणि आनुवंशिक मानल्या गेलेल्या मनोविकारांच्या त्या यादीत ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’ हे नाव होते. असे निदान केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास वैद्याने निर्बीजीकरणासाठी अर्ज करावा, असे कायदा सांगत होता. संमतीची गरज नव्हती. १९९६ मध्ये या तरतुदी रद्द होईपर्यंत निरनिराळ्या कारणांखाली सुमारे पंचवीस हजार लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे साडेसोळा हजार संमतीविना होत्या. ज्या वैद्याने कुटुंबाच्या वाढीस साहाय्य करावयाचे, तो येथे कुळ खुंटविणारा न्यायाधीश झाला होता. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०२४ रोजी हा कायदा घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षी मानसोपचार संघानेही या कायद्याच्या अंमलातील मनोविकारतज्ज्ञांच्या भूमिकेबद्दल क्षमायाचना केली.

या पार्श्वभूमीवर वैद्याच्या मौनाचा अर्थ उलगडू लागतो. रोगाचे नाव सांगणे म्हणजे त्या नावाला चिकटलेले सारे काही सांगणे होते : रोग बरा होत नाही, घरी परतता येईलच असे नाही, विवाह व संतती यांचा विचार सोडावा, आणि भावंडांच्या विवाहातही अडथळा येईल. १९९९ च्या सुमारास संघाच्या कार्यकारिणीतील ११० सदस्यांची पाहणी झाली. निदान प्रत्येक रुग्णाला सांगणारे त्यांत अवघे शेकडा ७ निघाले. शेकडा ५२ प्रसंग पाहून सांगत असत आणि शेकडा ३७ केवळ कुटुंबीयांना कळवीत असत. हे व्यवसायातील अग्रणी होते. त्यांना आपले मौन दयाभाव वाटत होते आणि त्यात ढोंग होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु रोगाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला उपचाराबद्दल संमती देता येत नाही, औषध का थांबवू नये हे समजत नाही आणि आपल्यासारखे इतर कोण आहेत याचा शोधही घेता येत नाही. दयेपोटी राखलेले मौन रुग्णाला त्याच्याच आयुष्याच्या बाहेर उभे करीत होते.

४. निराशेचे वर्तुळ

वैद्यांची निराशा त्यांच्या अनुभवावर आधारलेली होती, हा युक्तिवाद येथे संभवतो. आपण जे रुग्ण पाहतो ते सुधारत नाहीत, मग आशा कोठून आणावी? या युक्तिवादाचे परीक्षण १९८४ मध्ये पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या अमेरिकन संशोधकांनी केले. वैद्याच्या समोर वारंवार येतात ते दीर्घकाळ आजारी राहणारे रुग्ण. जे बरे होतात ते दृष्टीआड होतात. त्यामुळे वैद्याच्या मनातील रोगाचे चित्र मुळातच एका बाजूला कललेले असते. कोहेन यांनी यालाच वैद्याचा दृष्टिभ्रम म्हटले.

हा दृष्टिभ्रम जपानमध्ये एका अर्थी विटांनी बांधून काढला गेला होता. रोग बरा होत नाही म्हणून रुग्णाला दीर्घकाळ ठेवावयाचे. दीर्घकाळ ठेवावयाचे म्हणून कमी वैद्य पुरेसे मानावयाचे. कमी वैद्य असल्याने त्याच्याकडे लक्ष द्यावयाचे नाही. आणि वीस वर्षांनी बाह्य जगाचा विसर पडलेला, निरिच्छ झालेला तो माणूस पाहून म्हणावयाचे की रोग बरा होत नाही. नावाने व्यवस्था उभी केली, व्यवस्थेने पुरावा निर्माण केला आणि त्या पुराव्याने नाव खरे ठरविले. वैद्यकवर्गाचा पूर्वग्रह अज्ञानातून नव्हे, तर अशा अनुभवातून दृढ झाला. आणि अनुभवाचा आधार असलेला पूर्वग्रह अज्ञानापेक्षा दूर करण्यास अधिक कठीण असतो.

वास्तविक या वर्तुळाला छेद देणारी सामग्री उपलब्ध होती. ब्लॉयलरचा पुत्र मान्फ्रेड ब्लॉयलर याने २०८ रुग्णांचा दोन दशकांहून अधिक काळ मागोवा घेऊन १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत अखंड घसरण हा नियम न ठरता अनेकांत सुधारणा आढळली. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात रुग्णालयाच्या मागील कक्षांतून बाहेर पडलेल्या रुग्णांविषयी कोर्टने हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही त्याच दिशेचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकात नऊ केंद्रांत जी पाहणी सुरू केली, तिच्यात आग्रा हे एक केंद्र होते. आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची पुढील वाटचाल श्रीमंत देशांतील कित्येक केंद्रांपेक्षा बरी दिसली. या निष्कर्षाच्या कारणांविषयी आणि मर्यादांविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि एवढे निश्चित झाले की रोगाचा शेवट त्याच्या नावात आधीच लिहून ठेवता येत नाही.

५. कुटुंबीयांची मागणी

नामांतराची मागणी वैद्यांनी केली नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या, मनोरुग्णांच्या कुटुंबीयांच्या राष्ट्रीय महासंघाने १९९३ मध्ये मानसोपचार संघाकडे तशी विनंती केली. मनच फुटले आहे असे सांगणारे नाव माणसाची अवहेलना करते आणि उपचारही अवघड करते, असे त्यांचे म्हणणे होते. संघाने विचारविनिमयास प्रारंभ केला. समित्या नेमल्या गेल्या, मते मागविली गेली. तीन पर्याय पुढे आले : मूळ शब्दाचे जपानी उच्चारण, क्रेपेलिन व ब्लॉयलर या दोघांच्या नावांचा रोग, आणि ‘तोगो शिच्चो शो’. तिसरा पर्याय स्वीकारला गेला. ‘तोगो’ म्हणजे एकत्र जुळणी, ‘शिच्चो’ म्हणजे मेळ बिघडणे आणि ‘शो’ म्हणजे लक्षणसमूह. फुटलेली वस्तू सांधता येत नाही. बिघडलेला मेळ मात्र पुन्हा जमविता येतो. विनंतीपासून ठरावापर्यंत नऊ वर्षे गेली. आरोग्य मंत्रालयानेही तत्काळ सर्व प्रांतांना नवे नाव वापरण्याची सूचना दिली.

नामांतरानंतर मियागी प्रांतातील १३६ मनोविकारतज्ज्ञांना प्रश्न विचारले गेले. रुग्णाला निदान सांगण्यास नवे नाव अधिक योग्य आहे, असे त्यांपैकी शेकडा ८६ जणांनी सांगितले. येथे एक मार्मिक गोष्ट ध्यानात येते. नाव बदलल्याने प्रथम मोकळा झाला तो वैद्य. जे सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नव्हता, त्यासाठी त्याला शब्द मिळाला. पूर्वेकडील इतर देशांनीही हा मार्ग धरला. दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये वाद्याच्या तारा जुळविण्याची कल्पना सुचविणारे नाव घेतले आणि तैवानने २०१४ मध्ये आपली संज्ञा बदलली.

तथापि नामांतराने सर्व काही साधले असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. नावाने मौन सुटले. भिंती पडल्या नाहीत. २०२० नंतरच्या वर्षांतही जपानमधील मानसोपचाराच्या खाटा तीन लक्षांहून अधिक होत्या आणि रुग्णाचा सरासरी मुक्काम अडीचशे दिवसांच्या वर होता. वर्तुळाचा एक दुवा तुटला, इतर दुवे शिल्लक राहिले. शब्दाला व्यवस्थेची साथ मिळाली नाही, तर नवा शब्दही कालांतराने जुन्या शब्दाइतकाच जड होतो.

६. ‘छिन्न’ या शब्दाविषयी

मराठी अभ्यासकाला हा इतिहास दूरदेशीचा वाटू नये. स्किझोफ्रेनियासाठी मराठी परिभाषेत रूढ झालेला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द ज्या ग्रीक मुळावरून घडला, त्याच मुळावरून ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’ घडला होता. दोन्ही ठिकाणी भाषांतर प्रामाणिक आहे आणि दोन्ही ठिकाणी अडचण तीच आहे. मराठी कानाला ‘छिन्न’ म्हटले की ‘छिन्नविच्छिन्न’ आठवते. जे तुटून वेगळे झाले, जे पुन्हा जोडता येणार नाही, असा त्याचा ध्वनी आहे. शिवाय एका देहात दोन माणसे वावरतात, हा सर्वस्वी चुकीचा लौकिक समजही याच शब्दाच्या आडोशाने वाढतो. शब्द घडविणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जपानी भाषांतरकारांच्या हेतूविषयीही ते नव्हते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने रुग्णाला आपल्या आजाराचे स्वरूप व उपचारयोजना जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मराठी वैद्याला आता मौन राखण्याची मुभा उरलेली नाही. त्याला रुग्णासमोर बसून त्याच्या भाषेत आजाराचे नाव उच्चारावयाचे आहे. जपानी वैद्यांना असे नाव मिळण्यास पासष्ट वर्षे लागली आणि तेही त्यांना रुग्णांच्या आईबापांनी मागावयास लावले. मराठी परिभाषाकार, अध्यापक आणि वैद्य यांच्यापुढे हा प्रश्न आजही खुला आहे. नावाची निवड करताना त्यांनी एवढेच पाहावे की, ते नाव पाठ्यपुस्तकात शोभते की नाही यापेक्षा, ज्याला तो आजार आहे त्याच्या डोळ्यांत पाहून ते सांगता येते की नाही.